बदलून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

मागच्या उन्हाळ्यात एका वीतभर रबरी नळीपायी मी साडेआठशे डॉलर उडवले. नळी होती जेमतेम दहा डॉलरची. बाकीचे पैसे कशात गेले ते सांगतो, कारण तोच खड्डा तुमच्याही वाटेत आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे 1972 ची शेव्हरोले नोव्हा आहे. 350 क्यूबिक इंचाचं व्ही-एट इंजिन, कार्ब्युरेटर, संगणक वगैरे काही नाही. किराणा आणायला, शुक्रवारी ऑफिसला मी तीच गाडी नेतो. आणि वर्षातून चार-पाच शनिवारी ड्रॅग स्ट्रिपवर. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पाव मैल, 1320 फूट, आपल्या हिशेबात साधारण 402 मीटर. उभ्या गाडीनं सुरुवात करायची, दिवा हिरवा झाला की दाबायची, आणि शेवटी खिडकीतून एक कागदी चिठ्ठी घ्यायची. 60, 330, 660, 1000 आणि 1320 फुटांना किती सेकंद लागले, ते त्यावर छापलेलं असतं.

माझी गाडी रस्त्यावर लोण्यासारखी चालायची. स्ट्रिपवर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये दम सोडायची. मी मित्रांना विचारलं. एक म्हणाला कॉइल, दुसरा म्हणाला डिस्ट्रिब्युटर, तिसरा म्हणाला, ‘अरे, कार्ब्युरेटरच मोठा टाक.’ प्रत्येकाच्या आवाजात डॉक्टरचा आत्मविश्वास. कोणी विचारलं नाही की चिठ्ठीवर काय आहे. मीही पाहिलं नाही. कॉइल बदलली, डिस्ट्रिब्युटर बदलला, प्लग-वायर बदलल्या, कार्ब्युरेटर बदलला. बॉनेट उघडलं की आत दिवाळी. गाडी जिथल्या तिथे.

मग एका रात्री चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. 660 फुटांना 9.1 सेकंद, वेग ताशी 76 मैल. शेवटी 14.7 सेकंद, वेग 84. स्ट्रिपवर एक ढोबळ हिशेब सगळ्यांना पाठ असतो: अर्ध्या अंतराच्या वेळेला 1.56 नं गुणलं की पूर्ण वेळ येते. माझी यायला हवी होती 14.2, आणि वेग 95 च्या आसपास. म्हणजे पहिले नऊ सेकंद इंजिन ठणठणीत होतं. कॉइल कमजोर असती तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जास्त आरपीएमलाही तिनं रड काढली असती. इथे आरपीएमशी संबंध नव्हता, वेळेशी होता. पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद गेले की काहीतरी संपत होतं. काय संपतं? कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल.

आता मात्र मोजलं. इंधनाचा दाब दाखवणारा काटा काचेच्या बाहेर, डोळ्यांसमोर बसवला (पेट्रोलची नळी गाडीच्या आत आणायची नसते). उभ्या गाडीत दाब 6 पीएसआय, तिसऱ्या गिअरमध्ये 2 च्या खाली. मग थंड इंजिनावर, आग विझवायचा सिलिंडर शेजारी ठेवून, पंपाचं पेट्रोल बाटलीत घेतलं. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट चालतंच. टाकीतून ओढलं तर बाटली निम्मीही भरली नाही. पंपाची ओढनळी सुट्या कॅनमध्ये बुडवली तर भरून वाहिली. पंप निर्दोष. दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला.

टाकीपाशी ती नळी सापडली. बाहेरून बरी दिसत होती. आतला थर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं सुटला होता. जोरानं ओढ बसली की नळी आतल्या आत मिटायची, ओढ थांबली की पुन्हा उघडायची. एवढंच नाही, खालून ती ओली होती. पेट्रोल पाझरत होतं, आणि एक्झॉस्टचा पाइप तिथून हातभर अंतरावर. त्या उन्हाळ्यात माझी आठ वर्षांची मुलगी त्या गाडीच्या मागच्या सीटवर, म्हणजे जवळपास त्या नळीच्या वर बसून, किती वेळा आइस्क्रीम खायला आली असेल, ते मी मोजलेलं नाही.

म्हणून मला ‘बदलून टाक’ या दोन शब्दांचा राग आहे. नुसते पैसे गेले असते तर हळहळलो असतो आणि विसरलो असतो. पण नव्या पार्टांनी मला खोटा निर्धास्तपणा दिला. ‘एवढं सगळं नवीन टाकलंय, आता काय होणार?’ असं म्हणत मी तीच गाडी चालवत राहिलो.

मेकॅनिकला दोष देणं सोपं आहे. पण दोन तास शोधून त्यानं ‘नळी मिटतेय’ असं सांगितलं आणि त्या दोन तासांचे पैसे मागितले, तर आपण काय म्हणतो? ‘नुसतं बघायचे पैसे?’ कॉइलचे पैसे मात्र आपण मुकाट देतो, कारण कॉइल हातात दिसते. शोधण्याला आपण किंमत देत नाही, म्हणून आपल्याला पार्ट विकले जातात.

जुन्या गाड्यांचे भक्त म्हणतील, पन्नास वर्षांच्या म्हातारीला शर्यतीत पळवणं हा छळ आहे, तिला कापडाखाली जपा. पार्ट तुटतात, हे खरं आहे. पण कापडाखालच्या गाडीतलं रबरही कुजतंच, फक्त कळत नाही. माझी नळी रस्त्यावर कधीच बोलली नसती, कारण रस्त्यावर कोणी तेवढा वेळ पूर्ण थ्रॉटल देत नाही. ती बोलली स्ट्रिपवर. अमेरिकेत 2005 पासून ‘हॉट रॉड ड्रॅग वीक’ होतो: पाच दिवस शर्यती आणि मधला सुमारे हजार मैलांचा प्रवास त्याच गाडीनं, साध्या रस्त्यावरून, मदतीची गाडी न घेता. तिथे निव्वळ वेग पुरत नाही, गाडी समजावी लागते.

आणि हे सगळं स्ट्रिपवरच. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये एनएचआरए ही संस्था काढली, ती रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती बंद, तपासणी होणाऱ्या जागेत आणण्यासाठीच. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. रात्री बायपासवर गाडी पळवणाऱ्याला शेवटी काय मिळतं? रील. रीलवर 330 फुटांची वेळ नसते. त्यातून गाडीबद्दल काही कळत नाही, आणि समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला तर कोणी विचारलेलंही नसतं.

तुमच्याकडे नोव्हा नसेल. काकांची आरएक्स 100 असेल, आजोबांची पद्मिनी असेल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्या गाड्यांचं रबर ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नाही. या रविवारी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळ्या हात लावून बघा. गाडी मिसिंग मारत असेल तर कधी, कोणत्या गिअरमध्ये, किती वेळानं, ते वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मी दहा डॉलरची, इथेनॉल सोसणारी नळी बसवली. पुढच्या शनिवारी 14.2 सेकंद, वेग 95. जुनी कॉइल अजून फळीवर आहे, उत्तम चालते.

मेकॅनिक ‘बदलून टाकू’ म्हणाला तर विचारा, ‘कशावरून?’ त्यानं मोजून दाखवलं, तर त्या मोजण्याचे पैसे घासाघीस न करता द्या.