‘झिंगाट’ आणि आमचे कानसेन

गेल्या महिन्यांत नाशकांतील एका स्नेह्याच्या घरीं आम्ही पांचसात वाचनप्रिय माणसें जमलों असतां गाण्यांचा विषय निघाला, आणि मीं सहज विचारिलें, “‘सैराट’च्या गाण्यांवर एखाद्या वाङ्मयीन मासिकांत चांगला दहा पानांचा लेख आलेला कोणाच्या पाहण्यांत आहे काय?” एक वृद्ध गृहस्थ हंसले. “तें ‘झिंगाट’? त्यावर लेख कसला लिहावयाचा! त्यावर नाचावयाचें.” याच गृहस्थांस त्यांच्या नातीच्या लग्नांत, एका हातानें कोट सांवरीत, त्याच गाण्यावर नाचतांना मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. ते नाचले याबद्दल माझी तक्रार नाहीं. तें उत्तमच झालें. तक्रार आहे ती दुसऱ्या दिवशीं ते कानांत बोळे घालून बसले याची.

श्री. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला. अजय-अतुल या बंधूंनीं त्याला गाणीं दिलीं तीं अवघीं चार. तीं कोठें वाजलीं नाहींत हें सांगणें सोपें. कारण गणपतीच्या मांडवापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत तीं सर्वत्र वाजलीं. पुढल्याच वर्षीं कानडी चित्रपटानें तीं उचललीं आणि २०१८ मध्यें हिंदीनें. एवढा प्रसार झालेल्या गाण्यांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गानें काय म्हटलें? दोनच गोष्टी. ‘झिंगाट’ हा गोंगाट आहे, ही एक. आणि या गाण्यांचा वाद्यवृंद लॉस एंजेलिस येथें सोनी कंपनीच्या प्रख्यात ध्वनिमुद्रणगृहांत मुद्रित झाला, ही दुसरी. पहिल्या वाक्यांत नाक मुरडलेलें आहे, दुसऱ्यांत मान लवलेली आहे. कान मात्र दोहोंतही नाहीं.

हॉलिवुडचें हें प्रशस्तिपत्र ज्यानें त्यानें छापलें. पण तीं व्हायोलिनें ‘याड लागलं’मध्यें करतात काय, हें सांगण्याची तसदी किती जणांनीं घेतली? मासेमारी करणाऱ्या घरांतला एक पोर पाटलाच्या मुलीवर जीव जडवून बसला आहे. त्याच्या प्रेमाला गांवांत उभें राहावयास वीतभर जागा नाहीं. आमच्या चित्रपटांत असलें भव्य वाद्यसंगीत आजवर वाजत आलें तें राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्यांस किंवा श्रीमंत नायकाच्या विरहास. तें सगळें वैभव संगीतकारांनीं या पोराच्या धांवण्याला बहाल केलें. माझ्या मतें या गाण्यांतील सर्वांत मोठें धाडस हेंच होय. परंतु आम्हीं विचारिलें तें एवढेंच कीं, त्यास खर्च किती आला!

आतां ‘झिंगाट’कडे वळूं. हें गाणें वरातीच्या ठेक्यावर उभें आहे, हें खरें. चित्रपटांत तें पाटलांच्या घरच्या समारंभांत येतें. खालचे आणि वरचे, बोलावलेले आणि न बोलावलेले, सारे एका अंगणांत नाचतात, आणि तेवढा वेळ गांवांतील उतरंड जणूं विसरली जाते. त्याच रात्रीं तीं दोघें पकडलीं जातात. पुढें पळणें, परमुलखांतील हाल, आणि अखेर मुलीच्याच आप्तांच्या हातून मृत्यु. म्हणजे हा ठेका आनंदाचा आहे तसाच तो इशाऱ्याचाही आहे. त्याच्या बेफामपणांत पुढील संकटाची तयारी आहे. आणि आम्ही तो कोठें वाजवितों? स्वजातींत, पत्रिका जुळवून, ठरवून केलेल्या लग्नांत! या विसंगतीवर एखाद्या टीकाकारानें चार ओळी खरडाव्या, एवढीही आमची अपेक्षा अवाजवी ठरावी काय?

शब्दांचीही तीच कथा. ही करमाळ्याकडील बोली ‘अशुद्ध’ म्हणून कांहींनीं बाजूस सारली. त्यांनीं हिंदी ‘धडक’मधील ‘झिंगाट’ एकवार ऐकावें. चाल तीच, संगीतकार तेच, शब्द श्री. अमिताभ भट्टाचार्यांसारख्या कसलेल्या गीतकाराचे. तरीही तें गाणें हातांतून निसटतें. कारण मूळ चालीचे हेलकावे त्या बोलीच्या उच्चारांतून निघाले आहेत. कथा उदेपुरास गेली तशी बोली गेली, आणि बोलीबरोबर गाण्याचा कणाही गेला.

इंग्लंडांत १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ नांवाचा असाच दंगा उसळला. त्याच्या मागोमाग आलेल्या तरुणांपैकीं लीड्सच्या ‘गँग ऑफ फोर’नें १९७९ मध्यें आपला पहिला अल्बम काढला. त्यांत गिटार सूर आळवीत नाहीं, तुकडे पाडते. तेथील संगीतविषयक साप्ताहिकांनीं या मंडळींवर रकानेच्या रकाने लिहिले. त्यांतील पुष्कळसें लेखन अतिशयोक्तीचें होतें. पण गिटार कोठें थांबते आणि ढोल कोठें पुढें येतो, हें त्या लेखकांनीं ऐकलें होतें. २०१९ मध्यें तर ब्रिस्टलच्या ‘आयडल्स’ या जोरकस संचावर दुसऱ्या एका गायकानें आरोप केला कीं, श्रमिकांचा आवाज हे लोक उसना घेतात. आरोप खरा कीं खोटा, हा प्रश्न वेगळा. परंतु गाण्यामागील आवाज कोणाचा, हा वाद तेथें चव्हाट्यावर होऊं शकतो. आमच्याकडे तो निघण्यापूर्वींच कोणी तरी खिडकी लावून घेतो.

खिडकीवरून आठवलें. माझें घर मिरवणुकीच्या रस्त्यावर आहे आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढें माझींही तावदानें थरथरतात. वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे. ती पाळली जावी, असें मीही म्हणतों. पण भिंतीचा अपराध गाण्याच्या माथीं कां मारावा? भीमपलासही त्या भिंतींतून असह्यच होईल.

नाशिककरांस तर असली सोवळी रसिकता मुळींच शोभत नाहीं. ज्यांनीं १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांचा आश्रम आमच्या पंचवटींत. गाणें शिकणें ही घरंदाज माणसाची रीत नव्हे, असें मानणाऱ्या काळाशीं त्यांना झगडावें लागलें. आज त्याच घरंदाजांचीं पणतवंडें शास्त्रीय गाण्याच्या नांवानें इतरांस हिणवितात! शिवाय आमच्या गांवाचें नांव लावणारा ‘नाशिक ढोल’ थेट केरळांतील उत्सवांत वाजतो, आणि त्याच्या बोलांवर आमच्यापैकीं कोणीं चार पानें लिहिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

त्या बैठकींत मीं हें सारें बोलून दाखविलें. वृद्ध गृहस्थांनीं ऐकून घेतलें, मग म्हणाले, “पण चित्रपटांत तें गाणें नेमकें कोठें येतें, तें मला आठवत नाहीं हो.” मीं त्यांस चित्रपट पुनः पाहावयास सांगितलें आहे. त्यांनीं तो अद्याप पाहिलेला नाहीं.