उड्डाणाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

‘तांत्रिक कारणास्तव उड्डाणास विलंब’ अशी घोषणा झाली की विमानतळाच्या गेटवर चिडचिड सुरू होते. त्याच चिडचिडीतून एक मत रुजत चालले आहे: विमानांच्या देखभालीचे नियम फार झाले, चेकलिस्ट आणि सह्या म्हणजे नुसते कागदी घोडे, जाणत्या इंजिनिअरवर सोपवा, काम लवकर होईल आणि तिकीटही स्वस्त पडेल. असे बोलणाऱ्यांत यंत्रांशी आयुष्य काढलेली माणसेही असतात. म्हणून त्यांच्या एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा अनुभवाचा. नाक्यावरचा मेकॅनिक आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखतो, मग हँगरमध्ये उमर घालवलेल्या माणसाला पुस्तक कशाला उघडायला लावता? याचे उत्तर 10 जून 1990 रोजी मिळाले. बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच 17,300 फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, आणि सगळे वाचले. ती काच नुकतीच रात्रपाळीत बदललेली होती. बदलणारा नवशिका नव्हता, शिफ्टचा प्रमुख होता. त्याने पार्ट्स कॅटलॉग पाहिला नाही. जुना बोल्ट हातात धरून नवा नजरेने जुळवला. योग्य बोल्ट कोणता, हे स्टोअरमध्ये त्याला सांगितलेही गेले होते. बसवलेल्या 90 पैकी 84 बोल्टांची जाडी कमी निघाली, आणि तीही एका मिलिमीटरपेक्षा कमी फरकाने. शिवाय ही काच दुसऱ्या माणसाने तपासलीच पाहिजे, अशी सक्ती तेव्हा नव्हती. म्हणजे तिथे नियम जास्त नव्हते, एक कमी होता. पहाटेच्या झोपाळलेल्या डोळ्यांना असा फरक दिसत नाही. पार्ट नंबर वाचला की तो लपत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा आणि पैशाचा. अमेरिकन एअरलाइन्सने डीसी-10 विमानांच्या देखभालीत वेळ वाचवण्यासाठी एक युक्ती काढली होती. इंजिन आणि त्याला पंखाशी जोडणारा पायलॉन वेगवेगळे उतरवायचे, ही उत्पादकाची पद्धत. त्याऐवजी दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टवर उतरवायचे. त्यातून दर विमानामागे सुमारे 200 मनुष्यतास वाचत. फोर्कलिफ्ट जरा हलली की जोडावर ताण यायचा आणि बाहेरून दिसणार नाही अशी चीर पडायची. 25 मे 1979 रोजी शिकागोहून उड्डाण करतानाच एका विमानाचे डावे इंजिन पायलॉनसकट तुटून पडले. 273 माणसे गेली. वाचवलेल्या त्या तासांचा हिशेब याच आकड्याशेजारी मांडायला हवा.

तिसरा मुद्दा असा की, नियमांना व्यवहार कळत नाही, बारीकसारीक बिघाडासाठीही ते विमान अडवतात. हे वस्तुस्थितीला धरून नाही. ‘एमईएल’ नावाची यादी नेमकी यासाठीच असते. कोणता भाग बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल हे तिच्यात लिहिलेले असते. ‘बी’ वर्गातल्या बिघाडाला 3 दिवस मिळतात, ‘सी’ला 10 आणि ‘डी’ला 120. हा शहाणपणाचा व्यवहारच आहे. फक्त तो घाईच्या वेळी गेटवर उभे राहून केलेला नाही, शांतपणे विचार करून आधीच ठरवलेला आहे.

मात्र उलट बाजूचे मतही तितकेच धोक्याचे आहे: कागद पूर्ण आहेत, नियामकाची मंजुरी आहे, म्हणजे विमान सुरक्षित. 31 जानेवारी 2000 रोजी अलास्का एअरलाइन्सचे विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात कोसळले आणि 88 जण मृत्युमुखी पडले. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या जॅकस्क्रूच्या नटाचे आटे पुरेशा ग्रीसअभावी झिजून गेले होते. ग्रीस लावण्याचा कालावधी टप्प्याटप्प्याने वाढवत 8 महिन्यांपर्यंत नेला होता, आणि त्याला अमेरिकी नियामकाची संमती होती. 1997 मध्ये याच विमानाच्या या भागातली ढिलाई 0.040 इंच भरली होती, म्हणजे बरोबर कमाल मर्यादेइतकी. तंत्रज्ञाने नट बदलावा असे लिहिले. पुढच्या पाळीने पुन्हा मोजले, 0.033 आले, आणि विमान सेवेत परतले. मर्यादा मोडली गेली नव्हती. पण ‘बदला’ म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दाला वजन उरले नव्हते.

इथेच माझे म्हणणे आहे. देखभालीचे नियम इंजिनिअरवर अविश्वास म्हणून आलेले नाहीत. ते त्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठी आहेत. पहाटे विमान गेटवर उभे आहे, प्रवासी रांगेत आहेत, ऑपरेशन्समधून दर पाच मिनिटांनी फोन येतो आहे. अशा वेळी विमान सेवेत सोडण्याच्या प्रमाणपत्रावर सही करणारा परवानाधारक इंजिनिअर एकटा असतो. ‘मला वाटते’ म्हणून तो थांबला तर त्याची समजूत घालता येते. मर्यादेचा आकडा आणि टास्क कार्डवरची ओळ दाखवून तो थांबला, तर त्याला हलवणे अवघड जाते. नियमाचे खरे मोल त्याच्या या ‘नाही’ला बळ देण्यात आहे.

हे बळ नियामकालाही लागते. मार्च 2018 मध्ये इंजिनांतल्या दोषामुळे भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे डीजीसीएने, इंडिगोची 8 आणि गोएअरची 3 अशी 11 ए-320 निओ विमाने जमिनीवर उतरवली. उड्डाणे रद्द झाली, लोकांचे हाल झाले. तरीही तो निर्णय योग्यच होता. याच डीजीसीएकडे पुरेसे प्रशिक्षित तांत्रिक मनुष्यबळ नाही म्हणून जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेने भारताचा सुरक्षा दर्जा खाली आणला होता. तो परत मिळायला एप्रिल 2015 उजाडले. तपासायला माणसेच नसतील तर नियमावली कितीही जाडजूड असून उपयोग नाही.

म्हणून मागणी नियम कमी करण्याची नको. डीजीसीएची तांत्रिक पदे भरलेली हवीत. विमान रोखणाऱ्या इंजिनिअरची बदली किंवा बढती त्या निर्णयाशी जोडली जाणार नाही, याची लेखी हमी हवी. त्याने नोंदवलेला दोष दुसऱ्या पाळीने खोडला, तर त्याचे कारण तिसऱ्या, स्वतंत्र माणसाने तपासावे. देखभालीचा कालावधी वाढवायचा असेल, तर वाढवणाऱ्याने आधी पुरावा द्यावा. आणि प्रवासी म्हणून आपणही एवढे करावे: तांत्रिक विलंबासाठी काउंटरवरच्या माणसावर ओरडणे थांबवावे. आपली घाई शेवटी हँगरपर्यंत पोहोचते, आणि तिथे ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या मागे उभे राहणे आपल्याच हिताचे आहे.