डिलीट केलं म्हणजे गेलं, असं कोण म्हणतं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्याच्या घरातला मोबाईल, मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह कधी ना कधी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लागलाय, त्यानं ती वाचावी. म्हणजे आपण सगळ्यांनीच.

बीड, केज, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, कुठल्याही बसस्टँडसमोर जाऊन उभे राहा. ओळीनं दुकानं दिसतील. मोबाईल रिपेअरिंग, झेरॉक्स, फोटो स्टुडिओ, सेवा केंद्र, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. प्रत्येकाच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर आणि निम्म्या ठिकाणी स्क्रीन गिऱ्हाइकाच्या बाजूला वळलेली. आपण कार्ड देतो, पोरगं काम करतं आणि शेवटी सांगतं, ‘दादा, कॉपी डिलीट केली, टेन्शन घेऊ नका.’

पोरगं खोटं बोलत नाही. त्यानं खरंच डिलीट केलेलं असतं. पण कॉम्प्युटरनं मधल्या वेळात न विचारता एक उद्योग करून ठेवलेला असतो, आणि त्या उद्योगाबद्दल आपल्याकडं कुणी बोलत नाही. म्हणून ही पोस्ट.

फोल्डर मोठ्या आयकॉनमध्ये उघडलं की प्रत्येक व्हिडिओच्या जागी एक छोटं चित्र दिसतं. त्याला थंबनेल म्हणतात. आपल्याला वाटतं ते चित्र व्हिडिओसोबतच आलेलं असतं. बहुतेक वेळा तसं नसतं. फोल्डर दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे विंडोजमधला फाइल एक्सप्लोरर किंवा लिनक्समधले नॉटिलस, डॉल्फिन वगैरे, ते चित्र त्याच क्षणी बनवून घेतो. तुम्ही व्हिडिओला हात लावलेला नसतो, तरी तो आतून उघडला जातो. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच असतं. प्रोग्राम ठरलेल्या जागेजवळची अशी फ्रेम गाठतो, ती उलगडतो, लहान करतो आणि तुमच्यासमोर ठेवतो. मोठ्या लग्नाचं फोल्डर उघडल्यावर कॉम्प्युटर धापा टाकतो तो यामुळं.

कुठली फ्रेम? हे प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा एफएफएमपेगथंबनेलर न सांगता व्हिडिओच्या १० टक्क्यांवर जातो. पाच मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तिसाव्या सेकंदावर. टोटेमचा थंबनेलर आधी एक तृतीयांशावर बघतो. तिथली फ्रेम काळी किंवा सपाट निघाली तर पुढंमागं दुसऱ्या जागा शोधतो. म्हणजे ज्या फ्रेममध्ये ‘काहीतरी दिसतंय’ तीच तो निवडतो. ते काहीतरी बारशातलं बाळ आहे, दवाखान्यात चित्रित केलेली जखम आहे की कुणाच्या बायकोनं नवऱ्याला पाठवलेला खासगी व्हिडिओ आहे, हे मशीनला कळत नाही. स्क्रीनवर येतं आणि काउंटरवरचे चार लोक बघतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका दुकानात माझ्या पुढच्या बाईंनी फक्त आधार कार्डाचा फोटो काढून द्यायला कार्ड दिलं होतं. फोल्डर उघडलं आणि त्यांच्या घरातली सगळी चित्रं पडद्यावर पसरली. त्या माउलीनं पदर तोंडाला लावला. पोराचा काय दोष? त्यानं एकही व्हिडिओ उघडला नव्हता.

आता मुख्य मुद्दा. बनवलेलं चित्र कॉम्प्युटर फेकून देत नाही. पुढच्या वेळी मेहनत नको म्हणून जपून ठेवतो. विंडोज एक्सपीच्या काळात त्याच फोल्डरमध्ये थम्ब्स डॉट डीबी नावाची लपलेली फाइल पडायची. जुन्या लोकांना आठवत असेल. व्हिस्टापासून ही चित्रं प्रत्येक युजरच्या खात्यात एका आतल्या कोपऱ्यात, थंबकॅश नावाच्या फाइलींमध्ये साठायला लागली. लिनक्समध्ये त्यासाठी ठरलेलं फोल्डर आहे आणि १२८, २५६, ५१२ आणि १०२४ पिक्सेल असे आकारही ठरलेले आहेत. १०२४ पिक्सेल म्हणजे काही टिकलीएवढं चित्र नव्हे, माणूस सहज ओळखू येतो. शिवाय लिनक्सच्या त्या चित्रातच मूळ फाइल कुठं होती तो पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दुकानदारानं फोल्डरला गिऱ्हाइकाचं नाव दिलं असेल तर नावही राहिलं.

मूळ व्हिडिओ डिलीट केला तरी हे चित्र मागं राहू शकतं. आणि पेनड्राइव्ह काढून घरी नेलात तर मूळ फाइल अजून आहे की गेली हे त्या कॉम्प्युटरला कळायला मार्गच नसतो. तो चित्र ठेवून देतो. हे माझं डोकं चालवून सांगत नाही. जगभरातले फॉरेन्सिकवाले पुसलेल्या फाइलींचा माग काढायला थंबकॅश तपासतात, ती त्यांची नेहमीची पद्धत आहे. २०१८ मध्ये ॲपलच्या मॅकबद्दलही हेच दाखवून दिलं गेलं. कुलूपबंद, एन्क्रिप्टेड ड्राइव्हवरच्या फाइलींची छोटी चित्रं बाहेर साध्या जागेत साठत होती. तिजोरीला कुलूप, आणि आतल्या दागिन्यांचे फोटो ओसरीवर टांगलेले!

कुणी म्हणेल, एवढ्याशा चित्रानं काय होतं? हा प्रश्न बीड जिल्ह्यात तरी कुणी विचारू नये. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ९ डिसेंबर २०२४ ची. आंदोलनं झाली, मोर्चे निघाले, विधानसभेत चर्चा झाली. पण ३ मार्च २०२५ ला आरोपपत्रातली चित्रं बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा राजीनामा झाला. खटला न्यायालयात आहे, त्यावर इथं काही बोलणार नाही. सांगायचं ते इतकंच की महाराष्ट्र हलला तो व्हिडिओ बघून नव्हे, थांबलेल्या चित्रांनी. आणि त्या आठवड्यात ती चित्रं कुठं कुठं गेली आठवा. ग्रुपवर, गॅलरीत, ऑफिसच्या डाउनलोड फोल्डरमध्ये. अनेकांनी नंतर पुसली, चांगलं केलं. पण ज्यांनी ती कॉम्प्युटरवर उतरवून फोल्डर उघडलं होतं, त्यातल्या कितीतरी मशीनमध्ये ती अजून बसलेली असतील. त्या घरातल्या लेकरांनी उद्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर आपल्या बापाचं ते चित्र बघावं का? मृत माणसालाही अब्रू असते हो.

हा प्रश्न आता पोलीस ठाण्यांपर्यंत आलेला आहे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. चांगली तरतूद आहे, पंचनामे टेबलावर बसून होत होते त्याला आळा बसेल. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यूचं प्रमाणपत्र जोडायला सांगितलंय, म्हणजे फाइलीत फेरफार झाला तर कळावा. तेही चांगलं. पण हॅश मूळ फाइलीची असते. तो व्हिडिओ कधी ठाण्यातल्या, कधी झेरॉक्सच्या, कधी डीव्हीडी करून देणाऱ्या कॉम्प्युटरवरून फिरला तर वाटेत पडलेल्या चित्रांचा हिशेब कुठल्याच प्रमाणपत्रात नसतो. कुणाच्या घरात शिरून केलेलं चित्रीकरण आहे ते. त्यात बायका-पोरं असतात. झडती झाली म्हणजे ते घर गुन्हेगार ठरलं असं नाही.

आणि आपले ऊसतोड मजूर? सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कोपीवर राहणारं जोडपं आणि गावाकडं म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली लेकरं यांच्यात मोबाईल हाच धागा. तो बिघडला की कारखान्याजवळच्या अनोळखी दुकानात देतात. डेटा काढून देतो म्हणतात, पाचशे रुपये घेतात. त्या बाईचं आयुष्य कुणाच्या मशीनमध्ये राहिलं हे तिला कोण सांगणार? तिनं तक्रार कुणाकडं करायची, आणि कशाची? ‘माझं छोटं चित्र राहिलंय’ अशी?

या गोष्टीची दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितो.

पहिला आक्षेप, थंबनेलशिवाय काम कसं करायचं? बरोबर आहे. माझ्याच कॉम्प्युटरवर सभांचे, अतिवृष्टीचे, उपोषणांचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि सगळ्यांची नावं व्हीआयडी आणि पुढं तारीख. चित्राशिवाय मला एक सापडणार नाही. नव्या मोबाईलचे काही एचईव्हीसी व्हिडिओ विंडोजवर चित्र दाखवत नाहीत, कारण त्याच्याकडं तो कोडेक नसतो. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत आणतो म्हणून त्यात तेच व्हिडिओ चालतात. तेव्हा किती चिडचिड होते मला विचारा. म्हणून घरच्या, स्वतःच्या मशीनवर थंबनेल खुशाल ठेवा. माझं भांडण दुसऱ्यांचा माल हाताळणाऱ्या मशीनशी आहे. शिंपी स्वतःच्या घरात काहीही टांगो, गिऱ्हाइकाचे कपडे खिडकीत टांगायचे नसतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुन्हेगारानं व्हिडिओ पुसला तरी चित्र राहतं, मग पोलिसांना फायदाच की. होतो, नाकारत नाही. पण आरोपीचा जप्त केलेला कॉम्प्युटर प्रयोगशाळेत रीतसर तपासणं वेगळं आणि हजारो निरपराध माणसांची चित्रं बाजारातल्या मशीनमध्ये पडू देणं वेगळं. एका चोरासाठी गावातली सगळी दारं उघडी ठेवत नाहीत.

तिसरं म्हणजे, ‘आपल्या लपवण्यासारखं काही नाही.’ ठीक आहे दादा, मग मोबाईल अनलॉक करून चौकात ठेवा दहा मिनिटं. ठेवता का?

आणखी एक धोका, जो दुकानदारांनी स्वतःसाठी समजून घ्यावा. चित्र बनवायला प्रोग्राम अनोळखी फाइल आतून वाचतो. फाइल मुद्दाम बिघडवून बनवलेली असेल तर न उघडताही ती घात करू शकते. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष सापडला, नुसता मेसेजमधून व्हिडिओ आला तरी फोन ताब्यात जाऊ शकत होता. हे ओळखून लिनक्सच्या ग्नोमवाल्यांनी २०१७ पासून थंबनेल बनवणारा प्रोग्राम वेगळ्या कोंडवाड्यात चालवायला सुरुवात केली. त्यांना कळतं, तर गिऱ्हाइकांचे पन्नास पेनड्राइव्ह रोज लावणाऱ्याला कळायला नको?

राग सगळ्यात जास्त कुणाचा येत असेल तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा. सोय चालू करून देतात, जपून ठेवतात, पण पुसण्याची वाट आत कुठंतरी चौथ्या खिडकीत लपवतात. फाइल कायमची पुसली तर तिचं चित्रही त्याच क्षणी पुसलं गेलं पाहिजे. बाहेरून लावलेल्या ड्राइव्हचं चित्र तो काढताच गेलं पाहिजे. हे अवघड नाही, त्यांना फक्त त्याची गरज वाटत नाही. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस, एक लॅपटॉप आहे. एका कॉम्प्युटरवर अख्खं गाव, हे बसस्टँडसमोरचं चित्र त्यांनी बघितलेलंच नाही.

तोवर काय करायचं? दुकानदार बंधूंनो, विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये जा, व्ह्यू उघडा, ‘ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ वर टिक करा. दोन मिनिटांचं काम. रोज दुकान बंद करताना डिस्क क्लीनअपमध्ये थंबनेल्सवर टिक करून साफ करा. लिनक्स असेल तर फाइल्सच्या प्रेफरन्सेसमध्ये थंबनेल ‘नेव्हर’ करा. स्क्रीन आपल्याकडं वळवा. यानं शंभर टक्के सगळं पुसलं जातं असं नाही, पण उघड्यावर तरी पडणार नाही.

गिऱ्हाइकांनी आख्खं कार्ड देऊ नये. हवी तेवढी एकच फाइल रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये घालून न्यावी.

आणि जिल्हा प्रशासनाकडं दोन मागण्या. सेवा केंद्रांना परवाना देताना आणि त्यांची तपासणी करताना ही सेटिंग बघा, दरपत्रक भिंतीवर लावलंय का बघता तसंच. पोलीस अधीक्षक कार्यालयानं ठाण्यांना एक साधं परिपत्रक काढावं, चित्रीकरण हाताळणाऱ्या कॉम्प्युटरवर थंबनेल बंद आणि बाहेरच्या दुकानातून कॉपी काढायची नाही. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचं तत्त्वच आहे की काम संपलं की माहिती पुसायची. अर्धं पुसून मोकळं व्हायचं नाही.

यासाठी निधी लागत नाही, टेंडर लागत नाही, उद्घाटनाला कुणी यायची गरज नाही. कदाचित म्हणूनच अजून झालेलं नाही.

ज्यांचं दुकान आहे त्यांनी सेटिंग केली की कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. बघू, आधी बसस्टँड सुधारतो की सरकारी ऑफिस.