राक्षस कोण ठरवतो?

'देव' हा साधा शब्द घ्या. सायखेड्याच्या बाजारात कोणी 'देव पावला' म्हणाले, तर त्याचे भले झाले असे आपण समजतो. पण हाच शब्द उर्दू दास्तानीत भेटला की अंगावर काटा येतो. अमीर हमजाच्या गोष्टीतला देव म्हणजे डोंगराएवढा राक्षस! दोन्ही शब्दांचे मूळ एकच. एका भाषेत त्याची पूजा झाली, दुसरीत त्याच्याशी लढाई झाली.

इंग्रजी कथांतही असेच घडले. टोल्किन यांनी 'द हॉबिट' (१९३७) मध्ये ज्या दुष्ट जमातीला बहुधा 'गॉब्लिन' म्हटले, तिलाच पुढच्या मोठ्या कादंबरीत 'ऑर्क' म्हटले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाने त्यांच्या दोन जाती केल्या : गॉब्लिन बुटका, ऑर्क धिप्पाड. हॅरी पॉटरच्या गोष्टीत तर गॉब्लिन चक्क बँक सांभाळतात! 'वॉरक्राफ्ट' या संगणकीय खेळात १९९४ साली ऑर्क माणसांच्या राज्यावर चालून आले. २००२ च्या तिसऱ्या भागात त्यांचा सरदार थ्रॉल आपल्या लोकांसाठी नवे घर शोधू लागला. ऑर्क तेच, सांगणारा बदलला.

आपल्याकडचा बळीराजा पाहा. पुराणात तो असुरांचा राजा; वामनाने त्याला पाताळात घातले. पण महाराष्ट्रातला शेतकरी म्हणतो, 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो.' निफाड तालुक्यात कांदा आणि द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही आपण बळीराजाच म्हणतो. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) या पुस्तकात बळीचीच बाजू मांडली.

मग जगात दुष्ट कोणी नाहीच का? आहेत. वाईट काम करणाऱ्याला वाईट म्हणायलाच हवे. पण ते त्याच्या कामावरून. त्याच्या जातीवरून, धर्मावरून किंवा वस्तीवरून नव्हे. गोष्टीत सगळे ऑर्क दुष्ट असले तरी कोणाचे बिघडत नाही. मात्र 'त्या गल्लीतले सगळे तसलेच' असे कोणी म्हणाले, की गोष्ट संपते आणि अन्याय सुरू होतो.

तुम्ही दोन भाषा शिकता. एकाच शब्दाच्या दोन बाजू तुम्हाला दिसतात. म्हणून यापुढे कोणी कोणाला राक्षस म्हटले, तर आधी विचारा : ही गोष्ट सांगतो कोण? आणि दुसऱ्याची गोष्ट ऐकली का?