रंग जरा जास्तच चढला...

सलॉनमधून केस अपेक्षेपेक्षा भडक होऊन आले की पहिला सल्ला सगळीकडून एकच येतो. ‘काळा करून टाक ना!’ मैत्रीण तेच सांगते, मावशी तेच सांगते, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तर न विचारता पाकीट काढून ठेवतो. ऐकू नका. प्लीज! भडक लाल सौम्य करता येतो. वरून काळा थापला की मात्र परतीची गाडी बंद. कारण साधं आहे. रंगावर रंग लावून केस गडद होतात, फिकट होत नाहीत. काळ्यातून बाहेर यायचं तर ब्लीच, आणि ब्लीच जास्त झालं की केसांचा काथ्या.

एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण गेल्या महिन्यात हे प्रकरण अक्षरशः डोक्यावर घेऊन फिरलेय.

मी राहते डहाणूला, नोकरी तलासरीच्या बँकेत. म्हणजे रोज एसटी, चारोटी नाका, हायवे आणि ट्रकच ट्रक. चैन करायची ती रविवारी. २०१३च्या एप्रिलमध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून बोरिवली आम्हाला शेजारच्या आळीसारखं वाटतं. तर तिथल्याच एका चकाचक सलॉनमध्ये मी बरगंडी मागितला. ‘उन्हात गेल्यावरच कळेल इतपत’ हे दोनदा सांगून. तिथल्या पिवळ्या दिव्यांत तो दिसलाही तसाच. वाइन कलर, एकदम रिच. मग फलाटावर उन्हात उभी राहिले, मोबाइलचा कॅमेरा उघडला... आणि गुलमोहर! परतीच्या लोकलमध्ये वैतरणेचा पूल येईपर्यंत अख्ख्या डब्याचं मला बघून झालं होतं. सलॉनला फोन केला तर पलीकडून गोड आवाज, ‘‘मॅडम, चार वॉशमध्ये सेट होईल.’’

घरी आईने ‘‘अगं बाई!’’ एवढंच म्हटलं. आप्पा चिकूच्या वाडीतून आले, एकदा बघितलं आणि चहा मागितला. आमच्याकडे ही नापसंतीची सगळ्यात वरची पायरी.

खरी गोष्ट सोमवारी. माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. ब्रँच मॅनेजर साहेब केबिनच्या दारात आले, केसांकडे बघितलं, मग भिंतीकडे बघत म्हणाले, ‘‘पुढच्या सोमवारी रीजनल ऑफिसची व्हिजिट आहे, मॅडम...’’ वाक्य तिथेच सोडलं. आता गंमत ऐका. साहेब स्वतः महिन्यातून दोनदा केस काळे करतात. सोमवारी सकाळी कानाच्या वर कातडीवर डाग असतो. त्याला कुणी ‘कलर’ म्हणत नाही. तो डीसेंट!

खरं तर साहेबांचा काळा आणि माझा लाल, दोघांचं घराणं एकच. लंडनमध्ये १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. तिथून कृत्रिम रंगांचा धंदा सुरू झाला. त्याचे सर हॉफमन यांनी १८६३ मध्ये पीपीडी नावाच्या रसायनाची नोंद केली आणि १९०७ मध्ये पॅरिसच्या युजीन शुएलेरने केसांचा रंग विकायला काढला. त्याचीच कंपनी पुढे लॉरिआल झाली. पीपीडी किंवा त्याची भावंडं आजही बहुतेक परमनंट रंगांत असतात. शेड जितकी गडद, तितकं प्रमाण साधारण जास्त. म्हणजे अॅलर्जीच्या हिशेबात ‘डीसेंट’ काळाच जास्त जहाल.

असो. साहेबांवर राग काढून केस उतरणार नव्हते. मी सलॉनकडून फोनवर फॉर्म्युला मागून घेतला. हे तुम्हीही करा; कुठली शेड, किती व्हॉल्यूमचा डेव्हलपर, किती वेळ. माझ्या केसांना ३० व्हॉल्यूम लावला होता, म्हणजे ९ टक्के पेरॉक्साइड. तिथेच उलगडा झाला. केसाला बाहेरून माशासारखे खवले असतात. अमोनिया ते उघडतो. पेरॉक्साइड आत जाऊन दोन कामं करतो, आपला मूळ रंग फिकट करतो आणि नवा रंग घडवतो. रंगाचे बारीक कण आत शिरतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तिथेच अडकतात. पण आपले काळे केस फिकट झाले की खालून काय निघतं? लालसर नारिंगी. म्हणजे आतून लाल, वरून बरगंडी, असा डबल डोस! २० व्हॉल्यूमवर एवढा भडका उडाला नसता.

बरं, लाल हा सगळ्यात लवकर उडणारा रंग. म्हणून पहिले तीन दिवस मी फक्त धुतले. कलर टिकवायचा असेल तर दोन-तीन दिवस पाणी लावू नका म्हणतात ना, त्याच्या बरोबर उलट. कोंड्याचा शाम्पू, कोमट पाणी, दिवसातून एकदा. टॉवेल गुलाबी होत गेला तसा जीव थोडा थोडा भांड्यात पडत होता. शेजारणीने खायचा सोडा सुचवला, कुणी भांड्यांचं लिक्विड. नको हो. रंगाबरोबर केसही जातो. आईच्या खोबरेलाला मात्र मी हरकत घेतली नाही. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातलं प्रोटीन धुपू देत नाही, हे मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय. (कंपनी खोबरेल तेलाचीच आहे, हेही लक्षात ठेवा.) आमच्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही. त्यातले क्षार केसांवर बसले की रंग मातकट होतो. म्हणून शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा.

गुरुवारपर्यंत गुलमोहराचा डाळिंब झाला. तरी डाळिंबच! त्या दिवशी पासबुक भरायला आलेल्या एका आजींनी काचेतून हात घालून माझी बट धरली आणि मेंदी कुठली म्हणून विचारलं. मेंदी नाही, औषध आहे म्हटल्यावर म्हणाल्या, चांगलं दिसतंय, पण फार बोलतंय. अख्ख्या आठवड्यात एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर डहाणू स्टेशनजवळच्या पार्लरच्या ताई गाठल्या. लग्नसराईत नवऱ्या सजवणाऱ्या, बोर्डावर अजून ‘फेशियल, थ्रेडिंग, मेंदी’ लिहिलेलं. ताईंनी पहिल्यांदा मला दारात आणलं. केस दिव्यात बघायचेच नाहीत म्हणाल्या, उजेडात बघायचे. मग मानेजवळची एक बट घेऊन ट्रायल. लालाच्या विरुद्ध हिरवा, नारिंगीच्या विरुद्ध निळा, पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा. सगळा खेळ एवढाच. माझ्यासाठी हिरवट झाक असलेला मॅट ब्राउन निवडला, डेमी-परमनंट, अमोनिया नसलेला, १० व्हॉल्यूममध्ये. हा केस फारसा फिकट करत नाही, फक्त लालाचा आवाज कमी करतो. दर पाच मिनिटांनी बट पुसून बघत होत्या, कारण वेळ जास्त झाला तर हिरवट चिखल होतो. अठराव्या मिनिटाला धुवा म्हणाल्या. शिवाय खालच्या थरात सात-आठ पट्ट्या मूळच्या रंगाच्या जवळ नेल्या, लोलाइट्स म्हणतात ते. केस बांधले की गडद, सोडले की बरगंडी. मला बोरिवलीत हवं होतं ते शेवटी इथे मिळालं.

सोमवारी रीजनल ऑफिसच्या मॅडम आल्या. थकीत कर्जांबद्दल तासभर विचारलं, केसांकडे बघितलंही नाही. कन्फर्मेशनचं पत्र अजून यायचंय. आप्पांनी रविवारी ‘‘आता बरं आहे’’ म्हटलं, पण मला वाटतं ते चिकूच्या भावाबद्दल होतं.

डेमीचा रंग वीसेक वॉशमध्ये उतरेल आणि खालचा लाल पुन्हा डोकावेल, तेव्हा ताईंकडे एक फेरी आहेच. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दोन महिन्यांनी काळी मुळं दिसायला लागतील. तेव्हा रंग फक्त मुळांना लावायचा, टोकांपर्यंत ओढायचा नाही, नाहीतर टोकं दर वेळी जास्त गडद होत जातात. आणि यायच्या दोन दिवस आधी कानामागे टेस्ट करून घ्यायची. ताईंनी ती तारीख आतापासूनच त्यांच्या वहीत लिहून ठेवलीय.