शॉकअप बदलण्याआधी जमीन बघा

आधीच सांगतो, हा लेख खेळण्यातल्या गाडीच्या शॉकअप्सवर आहे. "तिशी उलटली तरी हे काय?" असं ज्यांना वाटतं त्यांनी इथूनच परत फिरावं. आमच्या घरातली एक व्यक्ती आत्ताच फिरली आहे :)

तर मंडळी, खुटबाव हे माझं आजोळ. पुण्याहून दौंडकडे जाताना यवत सोडलं की पुढचं स्टेशन, केडगावच्या अलीकडचं. उसाचा पट्टा. मामेभावाचा मुलगा आठवीत आहे. गेल्या दिवाळीत त्याला मी रिमोटवर चालणारी बग्गी दिली. १:१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेल भरलेले चार प्लॅस्टिकचे शॉकअप. पोरगं खूश, मी त्याच्याहून खूश.

मामाच्या शेताकडे जाणारा रस्ता म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रेलरनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी आणि सगळीकडे वाळून दगड झालेली ढेकळं. जानेवारीत गेलो तेव्हा बग्गी त्यावर बेडकासारखी उड्या मारत होती. एकदा उडाली की खाली टेकून पुन्हा उडायची आणि दुसऱ्या टप्प्याला पालथी. पोरगा म्हणाला, "काका, मागनं टणाटण उडती. पुढनं न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी तेच केलं जे आपण सगळे करतो. पुण्याला येऊन एका परदेशी रेसरचं सेटअप शीट शोधलं. त्यात प्रत्येक शॉकअपचं तेल, स्प्रिंग, पिस्टन, कुठल्या भोकात बसवायचा, सगळं तपशीलवार. जिंकलेल्या माणसाचं शीट आहे म्हटल्यावर अजून काय पाहिजे? चार लाल ॲनोडाईज केलेले ॲल्युमिनियमचे शॉकअप, कडक स्प्रिंगा आणि जाड तेल मागवलं. ४,५०० रुपये. दिसायला काय सुंदर!

फेब्रुवारीत बसवून दिले. बग्गी चाकोऱ्यांवरून टाळ वाजवल्यासारखी खडखडत गेली, चाकं जमिनीला टेकेनात, तिसऱ्या फेरीत बांधावर आदळून मागचा आर्म मोडला. तो पार्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत पोरगा गाडीला हात लावायचा बंद झाला. भाऊ फोनवर म्हणाला, "तो म्हणतो आधीचीच बरी होती." एवढंच. पण मला ते फार लागलं. आठवीतल्या पोराने बरोबर निरीक्षण करून सांगितलं होतं आणि मी त्याच्यावर पैसे फेकले होते. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने "अमुक स्क्रीनवरच स्लो होतंय" म्हणून सांगावं आणि आपण सगळा सर्व्हरच बदलावा, तसं.

आर्म आल्यावर यावेळी जुने शॉकअप घेऊन बसलो. मामांनी त्यातला एक बोटांनी दाबून पाहिला, मोटारसायकलचं सीट दाबून बघतात तसा, आणि म्हणाले, "ह्यात तेलच न्हाई की रं." उघडला. मागच्या दोनांपैकी एकात तेल निम्मंच होतं, दुसऱ्यात नुसता फेस. पुढचे दोन्ही ठणठणीत. (मागनं उडती, पुढनं न्हाई!)

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि धक्का साठवून ठेवते. साठवलेला धक्का ती परत देणारच, तो तिचा स्वभाव आहे. तेलाचं काम तो जिरवायचं. दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचा पिस्टन असतो, तेल त्या छिद्रांतून घासत जातं आणि उडीतली ताकद उष्णता होऊन संपते. तेलाऐवजी हवा असेल तर पिस्टनला अडवायला काही उरतच नाही. तामियाची ग्रासहॉपर १९८४ मध्ये आली तेव्हा तिला स्प्रिंगा होत्या पण तेलाचे शॉकअप नव्हते, आणि ती टुणटुण उडण्यासाठीच (प्रेमाने) ओळखली जाते. त्याच वर्षी अमेरिकेत असोसिएटेडने आरसी१० काढली, तेल भरलेल्या शॉकअप्ससकट. शर्यतीतल्या बग्ग्यांचं पुढचं वळण त्या गाडीने ठरवलं.

मग लाल शॉकअप्समध्ये तर भरपूर तेल होतं, ते का फसले? कारण ते शीट पाणी मारून दाबलेल्या, गुळगुळीत ट्रॅकसाठी होतं. तिथे मोठ्या उड्या असतात, उडीवरून खाली येताना गाडी आपटू नये म्हणून तेल जाड आणि छिद्रं बारीक ठेवतात. खुटबावच्या रस्त्यावर मोठी उडी एकही नाही, पण वीतभर अंतरावर एक ढेकूळ आहे. इतक्या झपाट्याने धक्के आले की जाड तेल बारीक छिद्रातून निघायला वेळच मिळत नाही, शॉकअप क्षणभर जाम होतो आणि अख्खी गाडी उचलली जाते. आपल्याला उलट हवं होतं: पातळ तेल, मोठी छिद्रं, मऊ स्प्रिंग, चेसिस उंच.

म्हणून माझं मत असं की पहिला खर्च तेलाच्या बाटलीवर करावा. काहीशे रुपयांत काम होतं. घेताना एक बघा, "३० वेट" वगैरे आकड्यांवर जाऊ नका, एका कंपनीचं ३० दुसरीच्या ३० शी जुळेलच असं नाही. सेंटीस्टोक्सचा आकडा बघा. असोसिएटेडचं ३० म्हणजे ३५० सेंटीस्टोक्स. आम्ही पुढे ३५० आणि मागे ३०० वर स्थिरावलो, पण हा आकडा कृपया कॉपी करू नका, नाहीतर एवढं लिहून उपयोग काय!

भरताना घाई करू नये. शॉकअप उभा धरून, दांडा खाली ओढून काठोकाठ तेल ओतायचं, पिस्टन सावकाश वरखाली करायचा, बुडबुडे वर येतात. मग दहा मिनिटं तसाच ठेवायचा. (चहा घ्या.) झाकण लावल्यावर डावा-उजवा स्प्रिंगशिवाय शेजारी धरून दांडे आत ढकलायचे, दोन्ही सारखे परत आले पाहिजेत. एक जास्त उसळत असेल तर वळताना गाडी एका बाजूला नाटकं करणार.

स्प्रिंगवरच्या त्या प्लॅस्टिकच्या क्लिपा घातल्या की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज मलाही होता. होत नाही. गाडी फक्त उंच होते. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, किंवा शॉकअपचं खालचं टोक आर्मच्या बाहेरच्या भोकात न्यावं लागतं. वरचं टोक आत कललं की सुरुवातीचा धक्का मऊ लागतो. आम्ही वरून आतलं भोक घेतलं आणि अर्ध्या तासात फरक दिसला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मात्र पोराने पाळला, मी नाही. त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, तेल, भोक आणि "कशी उडती" असे रकाने पाडले आहेत. मी मधेच दोन गोष्टी एकदम बदलल्या तेव्हा त्याने वही मिटून ठेवली. बरोबर केलं.

ॲल्युमिनियमला माझा विरोध नाही. प्लॅस्टिकच्या झाकणाचे आटे झिजतात, तेल गळायला लागतं, तेव्हा जरूर घ्या. चाकणला खऱ्या गाड्यांचे शॉकअप बनतात त्या आपल्या जिल्ह्यात चार चांगल्या शॉकअप्सचं कौतुक कोणाला नसेल? पण आधी जुने उघडून बघा.

आता एप्रिल आलाय. उन्हात तेल पातळ होतं, सिलिकॉनचं असलं तरी थोडं होतंच, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळचा हिशोब दुपारच्या फेरीला चालणार नाही. शिवाय ऊसतोड संपली, ट्रेलर बंद झाले, मामा रस्त्यावर मुरूम टाकणार म्हणतात. म्हणजे जमीनच बदलणार! या शनिवारी ४०० ची बाटली घेऊन चाललोय, वहीत नवा रकाना आहे.

आणि हो, चार लाल शॉकअप विकायचे आहेत. तीनच फेऱ्या झाल्यात.