जिन्यावरून पडले



'जिन्यावरून पडले' असं आपल्या केंद्रात कुणी म्हटलं की आपण आधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. त्या पडण्यामागे बहुतेक वेळा कुणाचा तरी हात असतो, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. गेल्या दिवाळीत मात्र आमच्या गटातली एकजण खरोखरच जिन्यावरून पडली. साड्यांच्या दुकानात, पोटमाळ्यावर जाताना. पायऱ्या अरुंद, एकीची उंची दुसरीला नाही, कठडा एकाच बाजूला आणि त्यावरही साड्या टांगलेल्या. दिवा बंद. उजवं मनगट मोडलं, हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये.

साडी पायात आली असेल, चपला कसल्या घातल्या होत्या, एवढी घाई कशाला, असं सगळे म्हणाले. तीही तेच म्हणत होती. दुकानदाराने एक साडी आणि पेढ्यांचा पुडा घरी पाठवला. ज्याचा धंदाच साडी नेसणाऱ्या बायांवर चालतो, त्याच्या जिन्यावर साडी नेसून चढता येत नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही! राष्ट्रीय इमारत संहिता दुकानांसारख्या इमारतींत पायरीची रुंदी किमान ३० सेंटिमीटर सांगते. आम्ही टेप घेऊन गेलो. २१ भरली.

भरपाई मागायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "भीक मागितल्यासारखं वाटतं." तिची समजूत घालण्यात दोन बैठका गेल्या. मग हिशोबाला बसलो. दवाखान्याचा खर्च सोपा होता. 'बुडालेलं उत्पन्न' आलं तेव्हा नवरा सहज म्हणाला, "ती घरीच असते, शून्य लिहा." त्या सहा आठवड्यांत पोळ्यांना बाई लावली, धुण्याला दुसरी, सासूबाईंचं करायला मुलीने कॉलेज बुडवलं. शून्याची एवढी किंमत मोजून झाल्यावरही शून्यच लिहायचं?

न्यायालयांनाही हे उमगायला वेळ लागला. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या घरकामाचं मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महिना ३,००० रुपये धरलं. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने, जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या गटात बसवल्याबद्दल खडे बोल सुनावले. २०२१ च्या कीर्ती खटल्यात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला गेला: बिनमोल घरकामात बाईची रोजची २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. हे दोन्ही निकाल रस्ता अपघातातल्या मृत्यूंचे आहेत, हे खरं. पण मेलेल्या बाईच्या कामाला किंमत असेल, तर हात मोडलेल्या जितीच्या कामाला का नसावी, हा युक्तिवाद आपण करूच शकतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. वकील लागतोच असं नाही. निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेची भरपाई देववण्याचा अधिकार आयोगाला आहे. मात्र आपण तिथे ग्राहक होतो हे दाखवावं लागतं, म्हणून पावती जपा. काहीच घेतलं नसेल तर दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. जिन्याचे फोटो त्याच दिवशी काढा, नंतर दिवा लागतो आणि कठडाही मोकळा होतो. दवाखान्यात केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. हिच्या पेपरवर नवऱ्याने 'घरात पडली' असं लिहवलं होतं, कशाला झंझट म्हणून. ते दुरुस्त करून घेताना नाकी नऊ आले.

तिला उचलून खाली आणलं ते दुकानातल्या विक्रेत्या मुलीने. ती दिवसातून वीसेक वेळा गठ्ठे घेऊन त्याच जिन्यावर चढते, स्वतः दोनदा पडली आहे. साक्ष द्यायला मात्र तयार नाही, नोकरी जाईल. आम्ही आग्रह केला नाही. आमच्यातल्या दोघींना तो करायला हवा होता असं वाटतं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

नोटीस गेली आहे, साडी परत केली आहे. तुमच्या गावातल्या दुकानांचे जिने टेपने मोजून पुढच्या अंकाआधी आम्हाला कळवा. वर-खाली करणाऱ्या मुलींशीही बोला, पण दुकानाबाहेर.